स्पीड कॅमेरा मागण्याआधी रस्ता मोजा

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूर–सांगली रस्त्यावरच्या एका गावाला फाट्यावर स्पीड कॅमेरा हवा आहे आणि त्यावरून ग्रामसभेत दोन तट पडलेत. एक म्हणतो, कॅमेरा बसला की गाड्या आपोआप दमानं जातील. दुसरा म्हणतो, ही नुसती वसुली आहे, चलनं शेवटी गावच्याच पोरांना येणार. कॅमेऱ्यानं अपघात खरंच कमी होतात का, आणि मागणी करायचीच तर ती कशी करायची?

कमी होतात, पण जिथं माणसं वेगानं मरतात तिथं. कोल्हापूरच्या आसपास माणसं मरतात अशा बऱ्याच जागी वेग हे अर्धंच कारण असतं. म्हणून आधी आपल्या फाट्याचा आजार कोणता ते ठरवा, कॅमेऱ्याचं नंतर बघू.

कॅमेऱ्याच्या बाजूचा पुरावा कमकुवत नाही. संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१० च्या आढाव्यात ३५ अभ्यास एकत्र तपासले होते. कॅमेऱ्याजवळचा सरासरी वेग १ ते १५ टक्क्यांनी आणि अपघात ८ ते ४९ टक्क्यांनी घटलेले आढळले. मृत्यू किंवा गंभीर दुखापतीच्या अपघातांतली घट ११ ते ४४ टक्के होती. आकड्यांचा पट्टा एवढा रुंद आहे, कारण कॅमेरा कुठं बसवला यावर सगळा खेळ आहे. शिवाय हे अभ्यास मुख्यतः श्रीमंत देशांतले. तिथं हायवेवर उलट्या बाजूनं दुचाकी येत नाही आणि बिनदिव्याची डबल ट्रॉलीही नसते.

दहा किलोमीटरच्या फरकानं काय होतंय, असं दुसरा तट म्हणेल. हिशोब करून दाखवा. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो असं धरू, आणि कोरड्या डांबरावर गाडी सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद या दरानं वेग टाकते असं मानू. ताशी ५० नं येणारी गाडी सुमारे ३७ मीटरवर थांबते. ताशी ६० नं येणाऱ्या गाडीचे २५ मीटर पाय उचलण्यातच जातात. जिथं पहिली गाडी उभी राहिली, त्याच जागी दुसरी अजून ताशी ४२ च्या आसपास असते. मधे शाळेची पोरगी असेल तर एकीला ती नुसती दचकते, दुसरीला बोनेटवर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार सरासरी वेग १ टक्का वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे ४ टक्के वाढतो, आणि गाडीचा वेग ५० वरून ६५ वर गेला की धडकलेला पादचारी मरण्याची शक्यता साडेचार पट होते. उलट बाजूला, कोल्हापूर ते कागल हे वीसेक किलोमीटर ८० ऐवजी १०० नं गेलात तर वाचतात ३ मिनिटं, तीही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर.

एका आकड्यापासून मात्र सावध राहा. देशात २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. देशातल्या मृत्यूंपैकी ७१ टक्के ‘अतिवेग’ या कारणाखाली नोंदले आहेत. प्रत्येक भाषणात हा ७१ टक्क्यांचा आकडा येतो. पंचनाम्याच्या वेळी कुणी वेग मोजलेला नसतो. गाडी चेपली, माणूस गेला, की ‘भरधाव वेगाने, हयगयीने’ हे शब्द फिर्यादीत ठरल्यासारखे उतरतात. रस्त्याला दिवे नव्हते, दुभाजक फोडलेला होता, फलक झाडाआड होता, हे त्या रकान्यात बसतच नाही. वेग गौण आहे असा याचा अर्थ नाही. आपल्या फाट्याचं निदान देशाच्या टक्केवारीवरून करू नका, इतकाच आहे.

निदान कसं करायचं ते सांगतो. पोलीस ठाण्याकडून माहितीच्या अधिकारात मागच्या तीन पूर्ण कॅलेंडर वर्षांची यादी मागा. प्रत्येक अपघाताची तारीख, वेळ, किलोमीटर-मीटरसह जागा, वाहनांचे प्रकार, धडक कशी झाली, मृत आणि गंभीर जखमी किती, एवढं हवं. आता पोलीस अपघाताची नोंद आयरॅड या प्रणालीत मोबाइलवरून अक्षांश-रेखांशासह करतात, त्यामुळे ‘जागा नेमकी सांगता येत नाही’ हे उत्तर चालवून घेऊ नका. मृत-जखमींची नावं मागू नका. गरज नाही आणि त्यावर अर्ज अडतो. यादी आली की मोठ्या कागदावर रस्ता काढा आणि प्रत्येक अपघात ठिपक्यानं मांडा. राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू झाले, तर केंद्राच्या व्याख्येनं तो ‘ब्लॅक स्पॉट’ होतो. हा शब्द अर्जात वापरायचा असेल तर व्याख्येत बसवूनच वापरा.

ठिपके मांडले की चित्र बोलतं. सगळे ठिपके फाट्यावरच, दिवसा, आणि वळणाऱ्या दुचाकीला सरळ येणाऱ्यानं बाजूनं धडक दिलेली, असं असेल तर तिथं वळायला वेगळी जागा नाही किंवा समोरचं दिसत नाही. झाडं तोडून, टपऱ्या हटवून, उजवीकडे वळणाऱ्यांना थांबायला लेन देऊन जेवढं मिळेल तेवढं कॅमेऱ्यानं मिळणार नाही. ठिपके दुभाजक फोडून केलेल्या वाटेजवळ असतील तर ती वाट बंद करून लोकांना परवडेल एवढ्या अंतरावर यू-टर्न द्यावा लागेल. यू-टर्न दोन किलोमीटरवर नेला की लोक उलट्या बाजूनं येणारच, याचं खापर त्यांच्यावर फोडून उपयोग नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या एमआयडीसींच्या पाळ्या सुटण्याच्या वेळी चालत ओलांडणाऱ्यांचे ठिपके पडत असतील, तर भुयारी मार्ग, त्यात दिवे, आणि लोकांना त्याच वाटेनं जायला लावणारी जाळी हा उपाय.

आणि एक ठिपका आपल्या जिल्ह्याचा खास: नोव्हेंबर ते मार्च, रात्र, मागून धडक. गाळप हंगाम. उसाची डबल ट्रॉली ताशी २० नं चाललीय, मागून कार ९० नं येतेय. दोघांतलं अंतर ताशी ७० च्या, म्हणजे सेकंदाला १९ मीटरच्या वेगानं मिटतंय. डिपरवर बिनदिव्याची काळपट ट्रॉली साधारण ४०-५० मीटरवर दिसते. म्हणजे चालकाच्या हातात दोन-अडीच सेकंद, त्यांतला दीड पाय उचलण्यात गेला. शिवाय मागं लोंबणारा ऊस फळकुटावरचा रिफ्लेक्टर झाकून टाकतो. म्हणून रिफ्लेक्टर फळकुटावर ठोकून भागत नाही. लाल परावर्तक पट्टी चासिसच्या मागच्या आडव्या पट्टीवर, ऊस पोहोचत नाही अशा उंचीवर, पूर्ण रुंदीभर लावावी लागते, आणि आठवड्यातून एकदा फडक्यानं पुसावी लागते, कारण चिखलाखाली ती मेल्यासारखीच. पट्टी नीट असेल तर हेडलाइटमध्ये तीच ट्रॉली दीडशे मीटरच्याही आधी चमकते. कारखान्याच्या गेटवर, काट्यावर वजन घेतानाच पट्टी आणि मागचा दिवा तपासायचा आणि नसेल तर तिथंच बसवून पुढं सोडायचं, ही अट घालून घ्या. पैशाला पैसा मोजला तर मला हे कॅमेऱ्यापेक्षा वरचढ वाटतं.

आता समजा ठिपके पट्टाभर पसरलेत, एकाच जागी गोळा झालेले नाहीत, आणि बहुतेक धडका सरळ चाललेल्या गाड्यांच्या किंवा कडेनं चालणाऱ्यांच्या आहेत. मग वेगाचा संशय पक्का. तो मोजा. रडार गन लागत नाही. रस्त्याकडेला ५० मीटर अंतरावर दोन खुणा करा. टेपनं मोजा, पावलांनी नको. दोन्ही खुणा एका चौकटीत येतील अशा जागी, रस्त्यापासून दूर, फोन स्टँडवर लावून व्हिडिओ घ्या. गाडीची पुढची चाकं पहिल्या खुणेवरून दुसरीवर जायला किती सेकंद लागले ते बघा आणि १८० ला त्या सेकंदांनी भागा; आला ताशी वेग. ३ सेकंद म्हणजे ६०, सव्वादोन सेकंद म्हणजे ८०, दोन सेकंद म्हणजे ९०. स्टॉपवॉच वापरू नका. अंगठ्याची चूक सहज ०.२ सेकंदांची असते आणि तेवढ्यानं ८० ची गाडी ७३ किंवा ८८ ची दिसते. व्हिडिओत एका सेकंदाच्या ३० चौकटी असतात, त्या एकेक सरकवून मोजलं की चूक टक्का-दीड टक्क्यावर येते.

फक्त मोकळ्या गाड्या मोजा, म्हणजे पुढच्या गाडीपासून किमान चार-पाच सेकंद मागं असलेल्या. वडापच्या मागं अडकलेल्या कारचा वेग तिचा नसतो. कार, दुचाकी, ट्रक वेगळे ठेवा, प्रत्येकी निदान शंभर. रंगीत जॅकेट घालून घोळक्यानं उभं राहिलात तर पोलीस समजून सगळे ब्रेक मारतील आणि मोजमाप वाया जाईल. शंभर वेग चढत्या क्रमानं लावा आणि ८५ वा आकडा काढा. शंभरांतले ८५ जण त्या वेगानं किंवा त्याखाली जातात, म्हणून रस्ता लोकांना किती वेगानं जाऊ देतोय ते त्यातून कळतं. रात्रीचं मोजमाप वेगळं करा. गर्दी ओसरल्यावर आकडा वर चढतो.

हा आकडा फलकावरच्या मर्यादेशी ताडून बघा. मर्यादा ५० आणि ८५ वा आकडा ५६ असेल तर वेगाचा प्रश्न फार नाही, उपाय दुसरीकडे शोधा. मर्यादा ५० आणि आकडा ७८ असेल तर दोन शक्यता: रस्ता सरळ, रुंद आणि गाव आहे हे सांगणारा एकही इशारा नाही, किंवा मर्यादाच कागदावर ठरवलेली. दुभाजकवाल्या मोकळ्या रस्त्यावर उगाच ४० चा फलक ठोकून त्यावर कॅमेरा लावणं ही वसुलीच, आणि लोकांनी तिला वसुली म्हटलं तर त्यात चूक काय? आधी गावाची वेस कळू द्या: दोन्ही बाजूंना गावाच्या नावाचा मोठा फलक, मर्यादेचा फलक रस्त्याच्या दोन्ही कडांना, लेन अरुंद करणारे पांढरे पट्टे, पुढं आडव्या रम्बल स्ट्रिप (चाकं खडखडवणाऱ्या पट्ट्या), रात्री दिवे. गतिरोधक हायवेवर मागू नका. इंडियन रोड्स काँग्रेसचा नेहमीचा गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि ताशी २५ साठी असतो. ८० नं येणाऱ्या दुचाकीला रात्री न रंगवलेला उंचवटा भेटला की काय होतं ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडे गावोगावी रात्रीत उगवणारे फूटभर रुंदीचे उंचवटे तर कुठल्याच मापात बसत नाहीत.

एवढं करूनही वेग उतरला नाही तर कॅमेरा. कुठला, ते मात्र अर्जात लिहा. नाहीतर चौकात सीसीटीव्ही लावून ‘कॅमेरा दिला’ म्हणतील. सीसीटीव्ही वेग मोजत नाही.

एका जागचा कॅमेरा बहुधा डॉप्लर रडारवर चालतो, म्हणजे गाडीवर आपटून परतलेल्या लहरीची वारंवारता किती बदलली यावरून वेग काढतो. २४ गिगाहर्ट्झच्या रडारला ताशी ६० ची गाडी सुमारे २,६७० हर्ट्झचा फरक दाखवते. रडार रस्त्याला तिरकं बघतं, म्हणून कोनाची दुरुस्ती यंत्रात भरावी लागते. गोम इथंच आहे. यंत्रात २५ अंश भरलेत आणि ट्रकच्या धक्क्यानं किंवा वाऱ्यानं खांब फिरून खरा कोन २० वर आला, तर यंत्र ८० ला ८३ दाखवतं. उलट फिरला तर कमी दाखवतं आणि तक्रार कुणीच करत नाही. ब्रिटनमध्ये जुन्या कॅमेऱ्यांसमोर रस्त्यावर ठरावीक अंतरानं पांढऱ्या रेघा मारलेल्या असतात. अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं दोन फोटो निघतात आणि गाडी किती रेघा पुढं गेली यावरून रडारचा आकडा ताडता येतो. अशी दुसरी पडताळणी आपणही मागावी.

एका जागच्या कॅमेऱ्याचा मोठा दोष सगळ्यांना माहीत आहे: खांबापाशी ब्रेक, शंभर मीटर पुढं पुन्हा ॲक्सिलरेटर. शाळा किंवा फाटा अशा एका बिंदूसाठी तेवढं पुरतं. लांब पट्ट्याला सरासरी वेगाची पद्धत हवी, मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर आहे तशी. दोन टोकांना नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे, मधलं अंतर भागिले लागलेला वेळ. १० किलोमीटर ८० नं जायला ४५० सेकंद लागतात, त्यात दोन घड्याळांत एका सेकंदाचा फरक पडला तरी चूक पाव टक्क्याच्या आत. हीच पद्धत ५०० मीटरवर लावली तर साडेबावीस सेकंदांत एक सेकंद चुकतो, म्हणजे साडेचार टक्के. त्यामुळे छोट्या पट्ट्यावर ती नको, आणि मधे ढाबे, पंप, फाटे जास्त असतील तरी नको. चहाला थांबलेला सुटतो.

नंबरप्लेट वाचण्यात आपल्याकडे खास अडचणी आहेत. एमएच ०९ च्या निम्म्या पोरांना ४१४१ चं ‘दादा’ आणि २१४ चं ‘राम’ करायचं असतं, आणि यंत्राला वाकडा ४ म्हणजे कोडंच. ८ आणि बी, ० आणि डी यांची गल्लत होते. पावसाळ्यात मागच्या चाकाचा चिखल प्लेटवर बसतो, ट्रॉलीला प्लेटच नसते. दुसरा घोळ वाहनाच्या वर्गाचा: एकाच रस्त्यावर कार, दुचाकी आणि मालवाहू गाडीला कमाल वेग वेगवेगळा असतो. पिकअप किंवा छोटा हत्ती कार म्हणून ओळखला गेला, किंवा सात आसनी कार मालवाहू ठरली, की चुकीचं चलन निघतं किंवा निघायला हवं ते निघत नाही.

वसुलीच्या आरोपाला कोल्हापुरात हसण्यावारी नेऊन चालत नाही. शहरातला टोल ज्या गावानं आंदोलन करून घालवला, तिथं रस्त्यावर पैसे घेणाऱ्या प्रत्येक यंत्राला हिशोब द्यावा लागतो आणि ते बरंच आहे. हिशोब कराराच्या कागदात असतो. ठेकेदाराला चलनामागं पैसे मिळत असतील तर लोकांनी वेग कमी केला की त्याचं उत्पन्न बुडतं. असा माणूस कॅमेरा उताराच्या पायथ्याशीच मागणार. पैसे यंत्र किती वेळ चालू आणि अचूक राहिलं यावर द्यावेत. दर महिन्याला त्या जागेचा सरासरी वेग, ८५ वा आकडा, चलनांची संख्या आणि रद्द झालेली चलनं जाहीर व्हावीत. चलनं घटत गेली तर कॅमेरा काम करतोय असं समजा. वर्षानुवर्षं तेवढीच राहिली तर मर्यादा, फलक किंवा रस्ता, यांत काहीतरी चुकतंय.

कायद्यात आधार आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३६अ आणि ऑगस्ट २०२१ मध्ये आलेला केंद्रीय नियम १६७अ हे दोन्ही कॅमेऱ्यासारख्या यंत्रांनी कारवाई करण्याबद्दलचे. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं. पट्टा सुरू होण्याआधी ठळक सूचना फलक हवा. नियमासोबतच्या १३२ शहरांच्या यादीत कोल्हापूर आहे. रडारनं वेग मोजणाऱ्या यंत्रांना १ जुलै २०२५ पासून वैधमापनाची, म्हणजे सरकारी वजन-मापं खात्याची पडताळणी आणि शिक्काही लागू झालाय. आणि जे लोक विसरतात ते कलम १९८अ: रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत सुरक्षेचे निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर संबंधित यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दंड फक्त चालकाचाच असतो हा समज त्यानं मोडतो.

अर्ज जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला, म्हणजे अध्यक्ष या नात्यानं जिल्हाधिकाऱ्यांना करा. प्रती पोलीस अधीक्षक, प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाला. दोन पानं पुरेत: ठिपक्यांचा नकाशा, वेगाचा तक्ता, फोटो, आणि मागण्या प्राधान्यानं. ‘कॅमेरा बसवावा’ एवढंच लिहिलंत तर अर्ज फायलीत पडतो. ‘अमुक किलोमीटर दगडापासून ४०० मीटर, कारचा ८५ वा आकडा ७८, मर्यादा ५०, तीन वर्षांत इतके मृत्यू, म्हणून आधी फलक-पट्टे-दिवे आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी करून वेग ६० च्या वर राहिल्यास कॅमेरा’ असं लिहिलंत तर बैठकीत उत्तर द्यावं लागतं. जोतिबाच्या चैत्र यात्रेला रस्त्याकडेनं लोक चालतात, तसं तुमच्या गावाला काही असेल तर त्या दिवसांसाठी इंटरसेप्टर, म्हणजे वेग मोजणारी पोलिसांची फिरती गाडी, वेगळी मागा. तिथं कायमचा खांब कशाला?

कॅमेरा बसल्यावर लगेच टाळ्या वाजवू नका. एका वर्षी ६ अपघात झाले म्हणून कॅमेरा आला आणि पुढच्या वर्षी ३ झाले, तर त्यांतली काही घट तशीही झाली असती. वाईट वर्षानंतर आकडा सरासरीकडे परततोच. म्हणून आधीची तीन आणि नंतरची तीन वर्षं बघा, आणि तसाच पण कॅमेरा नसलेला दुसरा पट्टा शेजारी ठेवा.

चलन आलं आणि पटलं नाही तर पहिल्यांदा फोटो मोठा करा. गाडी तुमचीच का, चौकटीत दुसरं वाहन आहे का, नंबरचा एखादा आकडा चुकलाय का. मग मोजलेला वेग, तारीख-वेळ-जागा, आणि लावलेली मर्यादा तुमच्या वाहनवर्गाची आहे का ते बघा. त्या तारखेला यंत्राचं प्रमाणपत्र चालू होतं का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. राज्याच्या ई-चलन पोर्टलवर तक्रारीची सोय आहे. आरसी आणि गाडीचा समोरून-मागून फोटो जोडा. चूक नसेल तर भरून टाका. हलक्या वाहनाला कायद्यात १,००० ते २,००० रुपये आहेत, मध्यम-जड वाहनाला २,००० ते ४,०००, आणि दुसऱ्यांदा सापडलात तर लायसन्स जप्तीची तरतूद आहे. ग्रामसभेतल्या दुसऱ्या तटाला हे शेवटचं वाक्य आधी वाचून दाखवा, कारण ड्रायव्हरकीवर पोट असलेल्या पोरांना दंडापेक्षा ते जास्त लागतं.